प्राध्यापक सिरस आणि वाळीत टाकणारे आपण



या व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्ही दोनच शब्दांत उत्तर धाडले : 'प्राध्यापक सिरस'. त्यावर त्यांचे दुसरे पत्र आले. हे गृहस्थ कोण, अशी पृच्छा त्यात होती. चिटणिसांना आम्ही मुळीच दोष देत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हाच प्रश्न विचारला असता. परंतु ज्याने आयुष्यभर मराठी शिकविली, मराठीत कविता लिहिली आणि ज्याच्या कवितेला महाराष्ट्र साहित्य परिषदेने पुरस्कार दिला, त्याचे नाव मराठी गावाला समजावून सांगावे लागते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आमच्या व्याख्यानाचा आरंभ तेथूनच होतो.

विषय नाजूक आहे, हे आम्ही जाणतो. तथापि आम्ही जे बोलणार आहोत ते लेकीसुनांसमोर आणि वडीलधाऱ्यांसमोर बोलता येईल असेच आहे. किंबहुना त्यांच्यासमोरच ते बोलले पाहिजे. जी गोष्ट चौकात कुजबुजत बोलली जाते, ती व्यासपीठावरून सरळ बोलावी, यासाठीच तर अशा व्याख्यानमाला निघाल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. योगायोग असा की, त्याच साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला एक शाळा काढली. तिचे पुढे महाविद्यालय झाले आणि १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. आमच्या कहाणीचे स्थळ हेच विद्यापीठ होय.

श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरकडचे. मानसशास्त्र आणि भाषाशास्त्र हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. नागपूर विद्यापीठातून १९८५ साली त्यांनी मराठीत पीएच्.डी. मिळविली आणि १९८८ साली ते अलीगढला मराठीचे अधिव्याख्याते म्हणून रुजू झाले. पुढे तेथील आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख झाले. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. त्याला २००२ साली पुरस्कार मिळाला.

अलीगढात मराठी कोण शिकत असेल, असे इतरांना वाटेल. आपणां मराठवाड्यातील लोकांना तसे वाटण्याचे कारण नाही. १९४८ सालापर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी कचेरीतले अर्ज उर्दूत दिले. ज्यांना उच्च शिक्षण हवे होते ते हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात गेले आणि घरी मराठी बोलत असता वर्गात उर्दूतून शिकले. परक्या भाषेच्या मुलखात आपली भाषा जपून ठेवणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. सिरस मास्तरांनी हेच केले. सुमारे बावीस वर्षे त्यांनी उत्तरेतल्या त्या गावी मराठीचा दिवा तेवत ठेवला. त्यांची कविता वाचू शकेल असे माणूस त्यांच्या शेजारीपाजारी क्वचितच असेल. लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठा एकांतवास कोणता?

आता त्या रात्रीकडे येऊ. ८ फेब्रुवारी २०१०. निवृत्तीला काही महिने राहिले होते. सिरस विद्यापीठाच्या आवारातील आपल्या निवासस्थानी होते. त्यांच्यासमवेत एक सायकलरिक्षा चालविणारा इसम होता. कॅमेरे घेऊन काही माणसे त्या घरात घुसली आणि त्या दोघांचे एकांतातील चित्रण त्यांनी केले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने प्राध्यापकांना गंभीर गैरवर्तनाच्या आरोपाखाली निलंबित केले. राहते घरही सोडण्यास त्यांना सांगण्यात आले. दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून शिरणारा कॅमेरा हे गैरवर्तन ठरले नाही. स्वतःच्या घरात दार लावून बसलेला माणूस मात्र गैरवर्तनी ठरला. त्या रिक्षावाल्याची तर आमच्यापैकी फारच थोड्यांनी विचारपूस केली. गरिबाची अब्रू ही अब्रूच नव्हे, अशी आपली जुनी समजूत आहे ना!

सिरस गप्प बसले नाहीत. आपण समलिंगी आहोत, हे त्यांनी नाकारले नाही. मी गुन्हा केला, असेही त्यांनी मान्य केले नाही. वकिलांच्या साहाय्याने ते अलाहाबादच्या उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या विद्यापीठातले काही सहकारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण हा दोष एका विद्यापीठाचा किंवा एका समाजाचा आहे, असे मानून आपण सुटू पाहू. तसे सुटता येणार नाही. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि नोकरीशी ज्याचा खरोखर संबंध पोहोचतो असेच वर्तन गैरवर्तन मानता येईल, मग तो माणूस शिक्षक का असेना, असा त्या आदेशाचा आशय होता.

म्हणजे प्राध्यापक जिंकले. आता कहाणीचा शेवट गोड व्हावयास हवा होता. परंतु ७ एप्रिल रोजी, म्हणजे आदेशानंतर अवघ्या सहा दिवसांनी, अलीगढातल्या भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत आढळले. शवचिकित्सेत विषाचे अंश मिळाल्याचे पोलिसांनी सांगितले. काही जणांवर गुन्हे दाखल झाले आणि पुराव्याअभावी सारे मिटले. निलंबन मागे घेतल्याचे पत्र त्यांच्या कार्यालयात पोहोचले ते त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी.

एका दिवसाने उशीर! श्रोतेहो, या एका दिवसाविषयीच आम्हांला आज बोलावयाचे आहे.

त्याआधी थोडे मागे आणि थोडे दूर जाऊ. या घटनेच्या ११५ वर्षे आधी लंडन शहरात एका लेखकाचे असेच झाले. त्याचे नाव ऑस्कर वाइल्ड. जन्म डब्लिनचा, १८५४ सालचा. १८९५ च्या आरंभी लंडनमधील दोन नाट्यगृहांत त्याची दोन नाटके एकाच वेळी गर्दी खेचत होती. त्याचा एका उमराव घराण्यातील तरुणाशी स्नेह होता. त्या तरुणाच्या बापाने वाइल्डची नालस्ती केली. वाइल्डने अब्रूनुकसानीची फिर्याद केली आणि ती त्याच्यावरच उलटली. २५ मे १८९५ रोजी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. ज्या कलमाखाली ही शिक्षा झाली ते १८८५ साली पार्लमेंटात रात्री उशिरा, फारशी चर्चा न होता, एका वेगळ्याच विधेयकास जोडून घेतले गेले होते.

पण शिक्षा काय न्यायाधीशानेच दिली? खटला चालू असतानाच नाट्यगृहांनी जाहिरातींवरून त्याचे नाव काढून टाकले. नाटक चालू आणि नाटककार बेनाव! त्याच्या घरचे सामान लिलावात निघाले. त्याच्या बायकोला स्वतःचे आणि दोन लहान मुलांचे आडनाव बदलून परदेशी राहावे लागले. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात नेताना त्याला हातकड्या घालून आणि कैद्याचे कपडे चढवून क्लॅफम जंक्शनच्या फलाटावर सुमारे अर्धा तास उभे केले होते. जी जी गाडी येई तिच्यातले उतारू त्याला पाहून हसत. हा कोण आहे हे कळल्यावर ते अधिकच हसू लागले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. १८९७ साली तो सुटला. पुढील वर्षी त्याने तुरुंगावर एक दीर्घ कविता छापली, तिच्यावर कवीच्या नावाच्या जागी त्याच्या कोठडीचा क्रमांक होता. ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी तो मरण पावला. पुढे १९९५ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, जेथे इंग्रज आपल्या कवींचे स्मरण करतात, तेथे एका खिडकीच्या काचेवर त्याचे नाव लागले. शिक्षेनंतर बरोबर शंभर वर्षांनी! न्यायाच्या पत्राला तेथे शंभर वर्षे उशीर झाला.

कोणी म्हणेल, ही सगळी पाश्चात्त्य खुळे आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध? या आक्षेपाला आम्ही नम्रपणे उत्तर देतो. प्रवृत्ती कोणत्याही एका देशाची नसते, परंतु कायदा मात्र निश्चित त्या देशाचा होता. मेकॉले साहेबाच्या आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० साली ती मंजूर झाली आणि १८६२ पासून अमलात आली. तिचे ३७७ वे कलम म्हणजे विलायती नीतिकल्पनांची आयात होय. आपण येथून चाळीसगावकडे उतरतो तेव्हा औट्रम घाट लागतो. तो औट्रम साहेब केव्हाच गेला, पण घाटाला त्याचे नाव चिकटून राहिले. ३७७ चे तसेच झाले. राज्य गेले १९४७ साली. इंग्लंडने आपल्या घरी हा गुन्हा १९६७ साली रद्द केला. आपण मात्र साहेबाने टाकून दिलेला अंगरखा पुढे अर्धे शतक जपून वापरला आणि त्यालाच आपली संस्कृती म्हणू लागलो.

आणि मराठीत या विषयावर कोणी बोललेच नव्हते, असे तरी कोठे आहे? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत पदरमोड करून चालविले. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी प्रवृत्तीविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्यांनी पुढे १९५० साली आपल्या जिल्ह्याच्या गावी मिलिंद महाविद्यालय उभारले, तेच बाबासाहेब. ज्ञान मागणाऱ्यास शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही बाजू त्यांनी न्यायालयात मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु खटला हरला म्हणून विचार हरत नाही. १९८१ साली विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली, तिची नायिकाही अशीच एक मुलगी होती. तेव्हा हा विषय परका आहे असे मराठी माणसाने म्हणू नये. तो आपल्याच घरातला आहे. फक्त आपण त्या खोलीला कुलूप लावले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सिरसांना कायद्याने मारले काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. २ जुलै २००९ रोजी, म्हणजे त्या रात्रीच्या सात महिने आधी, दिल्ली उच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की, सज्ञान माणसांमध्ये संमतीने आणि खासगीत जे घडते त्याला ३७७ वे कलम लागू होणार नाही. न्यायालय सिरसांच्या बाजूने होते. अलाहाबादचा आदेशही त्यांच्याच बाजूने झाला. मग राहिले कोण? राहिले शेजारी, सहकारी, रस्त्यात भेटल्यावर मान फिरविणारे, चहाच्या टपरीवर हसणारे. वाइल्डच्या वेळी क्लॅफमच्या फलाटावर जी माणसे होती तीच ही माणसे. गाड्या बदलल्या, उतारू बदलले नाहीत.

या शिक्षेला मराठीत एक जुने नाव आहे. वाळीत टाकणे! इंग्रजी कायदा येण्यापूर्वीपासून ही शिक्षा आपल्याकडे आहे आणि तिला ना तुरुंग लागतो ना पोलीस. पैठण आपल्याच जिल्ह्यात आहे. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना वाळीत टाकले गेले, देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरा मार्ग नाही असे सांगितले गेले आणि त्या पतिपत्नींनी प्राण दिले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांची लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर हात जोडून उभी राहिली. ती लेकरे म्हणजे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. आज त्यांच्या पालख्या निघतात आणि आपण खांदे देतो. परंतु त्या आईबापांना शुद्धिपत्र मिळाले काय? त्यांनाही पत्र उशिराच आले. कथेत आपण नेहमी ज्ञानदेवांच्या बाजूला उभे असतो. प्रत्यक्ष जगताना मात्र आपल्या हातून ब्रह्मवृंदाचे काम केव्हा होऊन जाते, हे आपल्याला कळतही नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. हे भूषणावह आहे. तथापि जो बहिष्कार जातपंचायत पुकारते तो सिद्ध करता येतो. जो बहिष्कार नजरेने घातला जातो तो कोणत्या न्यायालयात सिद्ध करावा?

दुसरा आक्षेप असा की, शिक्षकाने समाजापुढे आदर्श ठेवला पाहिजे. अगदी मान्य! शिक्षक वेळेवर वर्गात येतो काय, तयारी करून शिकवितो काय, विद्यार्थ्यांना समान वागवितो काय, हे अवश्य पाहा. पण कड्या लावलेल्या दाराच्या फटीतून तो घरी काय करतो हे पाहणे, यात कोणता आदर्श आहे? जी माणसे कॅमेरा घेऊन त्या घरात घुसली त्यांनी त्या गावच्या मुलांपुढे कोणता धडा ठेवला? तिसरा आक्षेप असा की, गोष्ट इतकी खासगी आहे तर तिची चर्चा तुम्ही तरी का करता? उत्तर सोपे आहे. ज्याचे खासगी जीवन गावाने चव्हाट्यावर आणले, त्याची अब्रू गावाने चव्हाट्यावरच परत केली पाहिजे. बदनामी चौकात आणि क्षमायाचना माजघरात, हा व्यवहार बरोबरीचा नव्हे.

सिरसांच्या पश्चात काय झाले तेही थोडक्यात सांगतो. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निर्णय फिरविला आणि ३७७ वे कलम पुन्हा जिवंत झाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. या लोकांची व त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने क्षमा मागितली पाहिजे, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले. १ जुलै २०२४ पासून ती जुनी दंडसंहिताच गेली. २०१५ साली हंसल मेहता यांनी 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट केला आणि मनोज बाजपेयी यांनी त्यात सिरसांची भूमिका केली. आज देशात जो कोणी सिरसांना ओळखतो तो बहुधा त्या चित्रपटामुळे. मराठी कवीची ओळख मराठी माणसाला हिंदी चित्रपटाने करून द्यावी, यातही आम्हांला थोडी लाज वाटते.

लाज वाटते असे म्हटले, तर आमचेही एक देणे येथे फेडून टाकतो. २०१० साली ती बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली होती. आडनाव पाहून 'अरे, हा तर मराठी माणूस दिसतो' असे आम्ही म्हणालोही होतो. त्यानंतर आम्ही काय केले? पान उलटले. एक पोस्टकार्ड लिहावयास त्या वेळी पन्नास पैसे पुरत होते. 'सर, आम्ही आपले वाचक आहोत' एवढी एक ओळ त्या परमुलखात मराठी अक्षरांत पोहोचली असती, तर कदाचित काहीच झाले नसते आणि कदाचित पुष्कळ झाले असते. आम्ही वाचक नव्हतो, हे खरे. पण होता आले असते. सरकारी पत्र एक दिवस उशिरा पोहोचले याबद्दल हळहळण्याचा अधिकार ज्याने पत्रच लिहिले नाही त्याला कोठून?

कन्नडकरहो, या गावातही असा कोणी असेल. संख्या आम्ही सांगणार नाही, नावे विचारू नका आणि शोधूही नका. तो कोणाचा मुलगा असेल, कोणाची बहीण असेल, शाळेतले मास्तर असतील, बाजाराच्या दिवशी आपल्याला भाजी तोलून देणारा असेल. त्याच्यासाठी आपण काय करावे? फार मोठे काही नाही. त्याने भाड्याने खोली मागितली तर ती इतरांना देता तशी द्यावी. लग्नकार्याची पत्रिका इतरांना देता तशी त्यालाही द्यावी. त्याच्याविषयी कोणी चटोर गोष्ट सांगू लागला तर 'यात आपले काय गेले?' एवढे विचारून विषय बंद करावा. आणि आपलेच लेकरू धीर करून काही सांगू लागले, तर आधी ऐकून घ्यावे, मग जेवायला वाढावे. लग्न लावून दिले म्हणजे सारे ठीक होईल, या समजुतीने एका जिवाऐवजी दोन जिवांचे हाल करू नयेत.

कायदा दाराची कडी शाबूत ठेवू शकतो. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांचे मन तो बदलू शकत नाही. ते काम आपले आहे आणि त्याला न्यायालयाच्या तारखा लागत नाहीत. ते आज करता येते. उद्या केले तर कदाचित त्यालाही एका दिवसाचा उशीर झालेला असेल.

सिरसांच्या संग्रहाचे नाव 'पायाखालची हिरवळ'. गावातल्या वाचनालयाने तो संग्रह मिळवून कपाटात ठेवावा, एवढी आमची चालकांना विनंती आहे. कवीचे खरे शुद्धिपत्र म्हणजे त्याचा वाचक. ते पत्र पोहोचावयास उशीर झाला असला, तरी ते लिहिणे अजून आपल्या हातात आहे.